संशोधक लेक आणि अमेरिकेचं ग्रीन कार्ड



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, "हे आपल्या कामाचं नाही." मागच्या वर्षापर्यंत आम्हीही हेच म्हटलं असतं. पण एका गटाच्या मासिक बैठकीत कर्जमागणीचे अर्ज वाचताना एक वेगळाच अर्ज हाती आला. रक्कम दोन लाख रुपये, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं, 'मुलीचे ग्रीन कार्ड'.

शेळ्या, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, दवाखाना, शाळेची फी ही कारणं आम्ही नेहमी वाचतो. हे कारण पहिल्यांदाच वाचलं. अर्ज करणाऱ्या ताई गटाच्या जुन्या सभासद, एकही हप्ता न चुकवलेल्या. त्यांची लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, पुढे कृषी पदवीधर झाली, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेली आणि तिथे पीएच.डी. झाली. आता तिथल्याच एका विद्यापीठात ती मातीतल्या जिवाणूंवर संशोधन करते.

शहरातल्या एका एजंटाने ताईंना गाठून सांगितलं होतं, "तुमची मुलगी संशोधक आहे ना? मग तिला नामवंत संशोधक म्हणून ग्रीन कार्ड मिळतं. आम्ही तिच्या नावाने दोन लेख छापून आणतो, एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवून देतो. फाइल तयार. तिला आत्ता सांगू नका, कामाच्या गडबडीत आहे ती."

आम्ही तो अर्ज मंजूर केला नाही आणि नामंजूरही केला नाही. पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवला आणि तसा ठराव लिहिला. मधल्या महिनाभरात लेकीला व्हिडिओ कॉल लावला, एकदा नव्हे, तीनदा. अमेरिकेच्या सरकारने या कार्डाचे नियम सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. ते तिने आम्हाला एकेक करून समजावले आणि आम्ही वहीत उतरवून घेतले. आज तीच वही तुमच्यासमोर उघडतो आहोत. आपल्या गावोगावच्या मुली आता प्रयोगशाळेत पोहोचल्या आहेत. आज एका ताईंवर आलेली वेळ उद्या दुसरीवर येऊ शकते.

ग्रीन कार्ड म्हणजे काय?

परदेशी माणसाला अमेरिकेत कायम राहण्याची आणि काम करण्याची परवानगी, म्हणजे ग्रीन कार्ड. ते मिळालं म्हणून कोणी अमेरिकेचा नागरिक होत नाही. पासपोर्ट भारताचाच राहतो. साधारण पाच वर्षं असं राहिल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण तो ज्याच्या त्याच्या मर्जीचा भाग.

मग एवढी धडपड कशासाठी? नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाचा तिथला मुक्काम नोकरीला बांधलेला असतो. एच-१बी नावाच्या व्हिसावर असताना नोकरी सुटली, तर साधारण ६० दिवसांच्या आत दुसरी नोकरी शोधायची, दुसरा काही मार्ग काढायचा, नाहीतर सामान बांधायचं. घर भाड्याने घेतलेलं, मूल शाळेत घातलेलं, प्रयोग अर्धवट, आणि हातात दोन महिने. ग्रीन कार्ड असलं की ही टांगती तलवार राहत नाही. म्हणून ताईंचा जीव तुटत होता, आणि नेमक्या अशाच जागी एजंट हात घालतो.

संशोधकाचा रस्ता कोणता?

नोकरी-व्यवसायाच्या आधारावर ग्रीन कार्ड देण्याचे अमेरिकेत पाच वर्ग आहेत. १९९० साली झालेल्या कायद्याने ही रचना आली. पहिल्या वर्गात तीन प्रकारची माणसं येतात. एक, आपल्या क्षेत्रात अगदी शिखरावर पोहोचलेली. दोन, नामवंत प्राध्यापक आणि संशोधक. तीन, अनेक देशांत पसरलेल्या कंपन्यांचे वरिष्ठ व्यवस्थापक. आपण बोलतोय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. कागदोपत्री त्याला ईबी-१बी म्हणतात.

यासाठी तीन अटी आहेत.

पहिली अट, आपल्या अभ्यासाच्या विषयात देशोदेशीच्या जाणकारांनी त्या व्यक्तीचं काम नावाजलेलं असावं. गावात सत्कार झाला, पेपरात फोटो आला, हे आपल्यासाठी अभिमानाचं. पण इथे मोजमाप त्याच विषयातले जाणकार करतात.

दुसरी अट, त्या विषयात शिकवण्याचा किंवा संशोधनाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. पीएच.डी. करतानाची वर्षं आपोआप धरली जात नाहीत. पदवी पूर्ण झालेली असेल आणि त्या काळातलं संशोधनही नावाजलं गेलं असेल, किंवा वर्ग शिकवण्याची पूर्ण जबाबदारी तिच्यावर असेल, तरच ती मोजतात.

तिसरी अट, हातात कायमस्वरूपी नोकरीचं पत्र हवं. विद्यापीठात कायम होण्याच्या वाटेवरची प्राध्यापकाची जागा चालते. संशोधकाची जागा असेल तर तिला ठरलेली मुदत नसावी आणि काम पुढे चालू राहील अशी रास्त अपेक्षा असावी. खासगी कंपनीची नोकरीही चालते, पण त्या कंपनीत किमान तीन पूर्णवेळ संशोधक हवेत आणि तिच्या संशोधनाची कामगिरी दाखवता यायला हवी.

ही तिसरी अट लेकीने सांगितली तेव्हा ताई गप्पच झाल्या. कारण त्या वेळी लेक ज्या जागेवर होती ती दोन वर्षांची मुदतीची जागा होती. पीएच.डी. नंतर अशी काही वर्षं काढावी लागतात, तिला पोस्टडॉक म्हणतात. म्हणजे त्या दिवशी या रस्त्याने तिचा अर्ज जाऊच शकत नव्हता. दोन लाख रुपये घेऊन एजंट जी फाइल तयार करणार होता, ती सादर करायला कोणी जागेवरच नव्हतं.

सहा पुरावे, त्यांतले किमान दोन

काम नावाजलं गेलं हे कशावरून ठरवायचं? नियमात सहा प्रकारचे पुरावे दिले आहेत. त्यांतले किमान दोन लागतात. लेकीने आपल्या कामाची उदाहरणं देत ते सांगितले.

पहिला पुरावा, उत्तम कामगिरीसाठी मिळालेला मोठा पुरस्कार. तो त्या विषयातल्या कामासाठी मिळालेला हवा. फी भरून मिळणारी ढाल कोणी विचारात घेत नाही.

दुसरा, अशा संस्थेचं सभासदत्व, जिथे मोठं काम केल्याशिवाय घेतच नाहीत. वर्गणी भरली की सभासद, अशी संस्था इथे उपयोगाची नाही.

तिसरा, तिच्या कामाबद्दल दुसऱ्यांनी व्यावसायिक नियतकालिकात लिहिलेला मजकूर. नुसता नावाचा उल्लेख पुरत नाही. लेखच तिच्या कामावर हवा.

चौथा, दुसऱ्यांचं काम तपासण्याची जबाबदारी. शास्त्राच्या नियतकालिकात लेख छापण्याआधी तो त्या विषयातल्या जाणकारांकडे तपासायला पाठवतात. असं बोलावणं येणं म्हणजे जाणकारांच्या रांगेत बसवणं. लेकीने असे बरेच लेख तपासले होते, आणि त्यासाठी एक पैसा ना घेतला होता ना दिला होता. बोलावण्याची पत्रं तिने जपून ठेवली होती.

पाचवा, त्या विषयात स्वतःची नवी भर. इथे तिच्या विषयातले तज्ज्ञ पत्र लिहून सांगतात की या कामाने नेमका काय फरक पडला. तिच्या गुरूंचं पत्र चालतं, पण तिच्याशी काही संबंध नसलेल्या, केवळ काम वाचून ओळखणाऱ्या तज्ज्ञाच्या पत्राला जास्त वजन येतं.

सहावा, अनेक देशांत वाचल्या जाणाऱ्या शास्त्रीय नियतकालिकांत छापलेले स्वतःचे लेख किंवा ग्रंथ. आणि दुसऱ्या संशोधकांनी आपल्या लेखांत तिच्या लेखांचा किती वेळा आधार घेतला, हेही पाहिलं जातं.

लेकीकडे यांतले तीन होते, चौथा, पाचवा आणि सहावा. पुरस्कार एकही नव्हता. "मग पुरस्कार नसला तरी चालतं?" ताईंनी विचारलं. लेक म्हणाली, "चालतं गं आई. सहाच्या सहा कोणी मागत नाही."

दोन चाळण्या

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दोन पुरावे जोडले म्हणजे काम झालं, असं नाही. तपासणारा अधिकारी दोनदा चाळतो. पहिल्या चाळणीत तो पाहतो की दोन प्रकारचे पुरावे नियमाप्रमाणे आहेत का. दुसऱ्या चाळणीत तो सगळी फाइल एकत्र ठेवून विचारतो, ही व्यक्ती आपल्या विषयात खरोखर देशोदेशी नावाजलेली आहे का?

आपल्या गटाचं बँक ग्रेडिंग करते तेव्हा काय होतं? आधी वह्या आहेत का पाहतात. बचत, कर्ज, इतिवृत्त, सगळं हजर. मग साहेब सभासदांना समोर बसवून प्रश्न विचारतात आणि गट खरोखर चालतो का ते जोखतात. कोऱ्या करकरीत वह्या आणि मुक्या सभासद असतील तर कर्ज मिळत नाही. तसंच हे.

ही दोन चाळण्यांची रीत एका खटल्यातून आली. काझारियन नावाचे आर्मेनियाचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते. शिखरावरच्या माणसांचा जो पहिला प्रकार सांगितला, त्यात त्यांनी अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. ते न्यायालयात गेले. २०१० साली अपील न्यायालयाने सांगितलं, पुरावे मोजताना अधिकाऱ्याने नियमात नसलेल्या अटी आपल्या मनाने घालू नयेत. वजन तोलायचं ते नंतर. काझारियन यांना त्यांचं कार्ड काही त्या खटल्यात मिळालं नाही, पण त्यांच्यामुळे पुढच्या सगळ्यांसाठी तपासणीची रीत ठरली. आता संशोधकांच्या अर्जांनाही तीच रीत लागू आहे.

कधी अधिकारी थेट नकार न देता आणखी पुरावा मागणारं पत्र पाठवतो. घाबरायचं कारण नसतं, मुदतीत उत्तर द्यायचं. नकार आला तरी काम वाढल्यावर पुन्हा अर्ज करता येतो. पण खोटे कागद जोडल्याचं उघड झालं, तर अमेरिकेचं दार त्या माणसासाठी जवळजवळ कायमचं बंद होऊ शकतं. एजंट पैसे घेऊन मोकळा होतो, शिक्षा लेक भोगते. तिच्या नावाने छापलेला खोटा लेख तिचं पुढचं सगळं संशोधनही संशयात आणतो.

अर्ज कोण करतं?

या प्रकारात अर्ज करते नोकरी देणारी संस्था, म्हणजे विद्यापीठ किंवा कंपनी. त्या अर्जाला आय-१४० म्हणतात. संशोधक स्वतःही हा अर्ज करू शकत नाही, तर आपल्या शहरातला एजंट कसा करणार? अर्जाचा कोरा नमुना सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. फी भरायची ती सरकारला, आणि तिची पावती मिळते. विद्यापीठात परदेशी लोकांच्या कागदपत्रांसाठी बहुधा वेगळं कार्यालय असतं, आणि वकील लागलाच तर तो परवानाधारक असावा लागतो.

एजंटाने ताईंना "जादा पैसे भरा, झटपट करतो" असंही म्हटलं होतं. त्यात अर्धं सत्य आहे. सरकारला जादा फी भरली तर आय-१४० वर कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर मिळतं. पण ते उत्तर होकारच असेल असं नाही. आणि होकार आला तरी कार्ड लगेच मिळत नाही. कारण पुढे रांग आहे.

जन्माच्या देशाची रांग

नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देते. त्यांतली सुमारे ४०,००० पहिल्या वर्गाची. यात अर्जदाराचा नवरा किंवा बायको आणि मुलंही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. देश लहान असो की मोठा, वाटा तेवढाच. भारतातून अर्ज जास्त, म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग लांब.

किती लांब? २०२५ च्या मध्यावर पहिल्या वर्गात भारतात जन्मलेल्या ज्यांचे अर्ज २०२२ च्या सुरुवातीचे होते, त्यांचा नंबर लागत होता. दुसऱ्या वर्गात मात्र २०१३ च्या सुरुवातीपर्यंतच मजल गेली होती. म्हणजे एकीकडे तीन वर्षं आणि दुसरीकडे बारा. संशोधक पहिल्या वर्गासाठी का झटतात ते यावरून कळतं. ही तारीख दर महिन्याला सरकार जाहीर करतं. ती पुढे सरकते, थांबते, कधी मागेही जाते. तिला कोणी एजंट ढकलू शकत नाही.

कार्ड मिळताना सोबत नवरा आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं यांनाही मिळतं. "आणि मला?" ताईंनी हळूच विचारलं. आई-वडील, भाऊ-बहीण यांना या कार्डासोबत काही मिळत नाही. भेटायला जायचं तर पाहुण्यांचा वेगळा व्हिसा. लेक पुढे कधी तिथली नागरिक झाली, तरच ती आई-वडिलांसाठी अर्ज करू शकते. ताई म्हणाल्या, "मला कुठं जायचंय? तिला कोणी हाकलू नये एवढंच."

आईने करायचं काम

मग गावाकडच्या आईने काही करायचंच नाही का? करायचं आहे, आणि ते दोन लाखांहून मोलाचं आहे.

रांगेत नंबर लागला की शेवटच्या टप्प्यात जन्माचा दाखला लागतो. लग्न झालेलं असेल तर विवाहनोंदणीचा दाखला लागतो. विद्यापीठाच्या कार्यालयाने लेकीला ही यादी आधीच दिली होती. ताई आपल्या ग्रामपंचायतीत गेल्या. नोंद सापडली नाही. दोन चकरा झाल्या. तिसऱ्यांदा आम्ही सोबत गेलो तेव्हा ग्रामसेवकांनी विचारलं, "बाळंतपण कुठं झालं होतं?"

पहिलं बाळंतपण माहेरी! जन्माची नोंद जन्म झाला त्या गावात होते, सासरी नाही. ताईंच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत जुन्या रजिस्टरात नोंद मिळाली. तारीख बरोबर, आई-बापाचं नाव बरोबर, पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा. बारसं व्हायच्या आधी नोंद झाली आणि पुढे नाव घालायला कोणी गेलंच नाही. हे कितीतरी घरांत झालेलं आहे. विद्यापीठाच्या वकिलाने सांगितल्याप्रमाणे त्या दाखल्याला आता शाळा सोडल्याचा दाखला, ताईंचं प्रतिज्ञापत्र आणि बाळंतपणाच्या वेळी हजर असलेल्या मावशीचं प्रतिज्ञापत्र जोडलं आहे. खर्च आला तो एसटीचा आणि कागदांचा.

म्हणून मैत्रिणींनो, अमेरिका राहू द्या बाजूला, हे आपल्या प्रत्येकीसाठी आहे. बाळाचा जन्म झाला की २१ दिवसांच्या आत नोंद करा. बारसं झालं की नाव घालून घ्या. दाखला, शाळा, आधार, बँक, सगळीकडे नाव आणि आडनाव एकसारखं लिहिलं जातंय का पाहा. लग्नाची नोंदणी करा. मुलगी बाहेर शिकत असेल तर तिची प्रमाणपत्रं पेटीत एकत्र ठेवा. आणि तिच्या नावाने कोणी पैसे मागितले, तर आधी तिला फोन करा. "तिला सांगू नका" असं कोणी म्हणालं की समजा, पाणी मुरतंय.

पुढच्या बैठकीत ताईंनी अर्ज स्वतःहून मागे घेतला. इतिवृत्तात तसं लिहिलं. एजंटाने नंतर दोन-तीन फोन केले, मग थांबला. पण बैठक संपल्यावर ताई एक गोष्ट बोलल्या, ती आमच्या मनातून जात नाही. त्या म्हणाल्या, "मी दोन लाख द्यायला निघाले, कारण मला वाटलं माझ्या लेकीचं काम कमी पडतंय. ते पुरेसं आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

यंदा लेकीला त्याच विद्यापीठात कायमस्वरूपी संशोधकाची जागा मिळाली. विद्यापीठाने तिचा अर्ज दाखल केला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. होकार आला तरी पुढे काही वर्षं रांग आहेच. ताईंनी कॅलेंडरवर दर महिन्याला एक तारीख लिहायला सुरुवात केली आहे. लेक फोनवर सांगते, रांग कुठपर्यंत आली, आणि ताई लिहून ठेवतात.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असा प्रश्न आला, तर तो गटाच्या बैठकीत मांडा. लाजू नका. आपण मिळून वाचू, विचारू, आणि मगच सही करू.